काकांचा सातबारा आणि फिक्स्चरचं फोल्डर

पत्र

ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बीसीए झाल्यावर नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं टेस्टिंगचं काम आठ महिन्यांपासून घरून करते. कापूस विक्रीच्या नोंदणीचं पोर्टल आहे. कास्तकार सातबारा आणि पासबुक अपलोड करतो, केंद्रावर वजन आणि ओलावा भरतात, शेवटी पावती डाउनलोड होते. मी सायप्रेसमध्ये, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्या साधनात, ऑटोमेशन लिहिते. सुरुवातीला घाई होती, म्हणून बाबांचे, काकांचे आणि शेजारच्या सात-आठ घरचे सातबारे-पासबुकं मागून घेतली आणि फिक्स्चरच्या, म्हणजे टेस्टला पुरवायच्या नमुना डेटाच्या, फोल्डरमध्ये टाकली. आता झोप लागत नाही. सीनियर म्हणतात, तुझ्या टेस्ट मॉक डेटावर, म्हणजे सर्व्हरच्या जागी दिलेल्या बनावट उत्तरांवर, हिरव्या (पास) दिसतात आणि केंद्रावर ओलाव्याचा रकाना कोरा येतो, मग या खोट्या डेटाचा उपयोग काय? अपलोडच्या टेस्ट माझ्या लॅपटॉपवर चालतात, कंपनीच्या सर्व्हरवर पडतात. सायप्रेस सोडून प्लेराइट या दुसऱ्या साधनाकडे जाऊ का? आणि परवा काका ओट्यावर बसून विचारत होते, "माह्या सातबाऱ्याचं काय केलं वं तुनं?" मला उत्तर देता आलं नाही.
– नाव छापू नका

उत्तर

काकांचा प्रश्न तू सगळ्यात शेवटी लिहिलास, मी तिथूनच सुरुवात करते. बाकीच्या दोन अडचणी आठवड्याभरात सुटतील. ही मात्र जितके दिवस जातील तितकी पसरत जाणार आहे.

काकांनी तो कागद कंपनीला दिला नव्हता, घरच्या पोरीला दिला होता. सातबारा तसा महाभूलेखवर कुणीही पाहू शकतो हे खरं. पण त्याच्या शेजारी पासबुकाचं पान ठेवलं की माणसाचं नाव, जमीन, इतर अधिकारातला बोजा, खाते क्रमांक आणि बँकेची शाखा एका जागी येते. गावातल्या दहा घरांची अशी जोडी तू एका फोल्डरमध्ये ठेवलीस, आणि ते फोल्डर रेपोतून, म्हणजे कोड साठवण्याच्या सामायिक जागेतून, कंपनीतल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर उतरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माणसानं माहिती ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी ती वापरायची. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

फाइल नुसती डिलीट करून भागत नाही. आज तू फोल्डर रिकामं करून कमिट (बदलाची नोंद) केलंस तरी जुन्या कमिटमध्ये ती पानं जशीच्या तशी राहतात. कोडचे बदल सांभाळणाऱ्या गिटचं कामच इतिहास जपण्याचं आहे. फिल्टर-रेपोसारखं साधन वापरून इतिहासातून त्या फाइल काढाव्या लागतील, आणि मग प्रत्येकाला जुनी प्रत टाकून नवी उतरवून घ्यावी लागेल. हे एकटीनं गुपचूप करू नकोस. सीनियरना आजच लेखी कळव. 'माझ्याकडून खऱ्या लोकांची कागदपत्रं रेपोत गेली आहेत, ती काढायला मदत हवी आहे,' एवढं एक वाक्य पुरे. आणखी एक जागा लोक विसरतात. कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप चालणारी टेस्ट पडली की सायप्रेस त्या क्षणाच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवतं. तुझ्या पडलेल्या अपलोड टेस्टच्या किती स्क्रीनशॉटमध्ये काकांचा खाते क्रमांक स्वच्छ वाचता येतो, तेही बघ. व्हिडिओ चालू असेल तर तोसुद्धा.

मी इतकं ठासून का सांगते, ते ऐक. मला कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. एका पतसंस्थेचं काम होतं. मी खऱ्या खातेदारांची यादी टेस्टच्या मशीनवर उतरवून घेतली, कारण खोटी नावं बनवायचा कंटाळा आला होता. शिल्लक तपासण्याच्या विनंतीला आम्ही ब्राउझरपाशीच अडवून ठरलेलं उत्तर देत होतो, आणि तेवढ्यावर मी समजून बसले की सगळं मॉक आहे, बाहेर काही जात नाही. पण रक्कम जमा केल्याची नोंद सर्व्हरपर्यंत जात होती, आणि एसएमएस तो सर्व्हर स्वतः पाठवत होता. रात्री टेस्ट चालल्या. सकाळी मी काही कामानं शाखेत होते. एक म्हातारी बाई एसटीनं आली. मोबाइल रुमालात गुंडाळलेला होता. तिनं गाठ सोडून तो काउंटरवर ठेवला. दहा हजार रुपये जमा झाल्याचा संदेश होता. नातीनं वाचून दाखवला म्हणून ती पहिल्या गाडीनं निघाली होती. पैसे नाहीत हे तिला मी सांगितलं, कारण चूक माझी होती. ती एवढंच म्हणाली, "मंग लिवलं कायले?"

तेव्हापासून माझ्या कुठल्याही टेस्टमध्ये खऱ्या माणसाचा मोबाइल नंबर नाही. आणि त्यातून शिकलेली तांत्रिक गोष्ट तुलाही उपयोगी पडेल. सायप्रेसमधलं इंटरसेप्ट काय किंवा प्लेराइटमधलं रूट काय, ते ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधल्या रस्त्यावर उभं असतं. ब्राउझरनं पाठवलेली विनंती ते अडवतं आणि तुझ्या फिक्स्चर फाइलमधलं उत्तर परत देतं. सर्व्हर पुढे एसएमएसवाल्याशी, बँकेशी जे बोलतो ते त्याला दिसतच नाही. ती दारं टेस्टच्या सर्व्हरवर वेगळी बंद करावी लागतात. तुमच्या पोर्टलवर ती बंद आहेत का, हे विचारल्याशिवाय पुढची टेस्ट चालवू नकोस.

आता सीनियरच्या बोलण्याकडे. मॉक डेटा खोटा म्हणून निरुपयोगी, हे मला मान्य नाही. तुझ्याकडे लाईन जाते, टॉवरची रेंज पावसात पळते. खऱ्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या शंभर टेस्ट तू तिथून दिवसात एकदाही पूर्ण चालवू शकणार नाहीस. शिवाय सर्व्हर बंद पडल्यावर, उत्तर यायला तीस सेकंद लागल्यावर किंवा यादी रिकामी आल्यावर स्क्रीनवर काय दिसतं, हे तपासायचं तर ते प्रसंग मॉकनंच घडवून आणावे लागतात. खरा सर्व्हर तुझ्या सोयीनं आजारी पडत नाही.

पण केंद्रावर ओलाव्याचा रकाना कोरा येतो आणि तुझी टेस्ट हिरवीच राहते, याचं कारण मला तुझ्या पत्रावरूनच दिसतं. तुझं फिक्स्चर शिळं झालं आहे. तू ते लिहिलंस तेव्हा सर्व्हर ओलाव्याचा आकडा ज्या नावाच्या रकान्यात पाठवत होता, ते नाव बहुधा नंतर बदललं. स्क्रीनचा कोड जुनंच नाव शोधतो, तुझं फिक्स्चरही जुनंच नाव देतं, दोघांचं छान जमतं. केंद्रावर खरा सर्व्हर नवं नाव पाठवतो आणि रकाना रिकामा राहतो. नाव बदललं नसेल तर प्रकार बदलला असेल, आधी संख्या यायची आणि आता तीच मजकूर म्हणून येते. सर्व्हरवाल्यांकडे एपीआयचा, म्हणजे सर्व्हर कोणती माहिती कोणत्या नावानं पाठवतो त्याचा, लेखी आराखडा असेल तर मागून घे आणि तुझी प्रत्येक फिक्स्चर फाइल रोज त्याच्याशी ताडून बघणारी एक छोटी तपासणी लिही. रकाना हलला की फिक्स्चर त्याच दिवशी लाल झालं पाहिजे. आणि चार-पाच टेस्ट, फक्त चार-पाच, कुठलंही मॉक न लावता टेस्टच्या खऱ्या सर्व्हरवर रात्री चालू दे: नोंदणी, अपलोड, वजन आणि ओलावा, पावती. त्या कंपनीच्या मशीनवर चालतील, तुझ्या रेंजवर नाहीत.

सीनियरचं अर्धं बोलणं मात्र मला पटतं. तुझा मॉक डेटा फार गुळगुळीत असणार. मी हे पैजेवर सांगते, कारण सगळ्यांचा तसाच असतो. एक कास्तकार, एक गट, दोन हेक्टर, दहा क्विंटल, ओलावा आठ. असा कास्तकार तुझ्या गावात एक तरी आहे का? पुण्या-बंगलोरात बसून टेस्ट लिहिणाऱ्यांना जे माहीत नाही ते तुला माहीत आहे, आणि ते तू फिक्स्चरमध्ये आणलंच नाहीस. मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते.

गट क्रमांकच घे. तुमच्याकडे धुऱ्यावरून वाटण्या होऊन ४५/२/अ असे क्रमांक झालेले असतात. तुझ्या फिक्स्चरमध्ये साधा ४५ असेल. त्या तिरप्या रेघेमुळे दोन ठिकाणी काम अडतं. क्रमांक वेबच्या पत्त्यात गेला तर सर्व्हरला तो वेगळाच रस्ता वाटतो, आणि पावतीच्या फाइलच्या नावात गेला तर फाइल साठवताच येत नाही. एकाच सातबाऱ्यावर सहा खातेदार असू देत, त्यातल्या दोघांचं नाव आणि आडनाव सारखं, फक्त वडिलांचं नाव वेगळं. एकाच्या पासबुकावर नाव इंग्रजीत आणि आद्याक्षरांसह, सातबाऱ्यावर पूर्ण मराठीत. क्षेत्र १.६२ हेक्टर ठेव, कारण चार एकर म्हणजे तेवढंच होतं, आणि कास्तकार चार एकरच सांगणार. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) शून्य नसलेला एक सातबारा हवा.

नावात 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' असलेला एक माणूस तर हवाच. बऱ्हाणपुरे घे. यातली गंमत बारकाईनं बघ. हा अर्धा र संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो. कुणाचा कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतो. कुणाचा कीबोर्ड साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही नावं सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी ती एक होत नाहीत. तलाठी कार्यालयात एका पद्धतीनं टाइप झालेलं नाव कास्तकाराच्या मुलानं मोबाइलवर दुसऱ्या पद्धतीनं भरलं की 'नाव जुळत नाही' म्हणून अर्ज परत. दोन्ही रूपं दोन फिक्स्चर फाइलमध्ये ठेव आणि शोधात दोन्ही सापडतात का बघ. ही टेस्ट तू लिहिलीस तर पुढच्या हंगामात किती तरी लोकांचा तालुक्याचा एक हेलपाटा वाचेल.

ओलाव्याचे आकडे सीमेवरचे घे. भारतीय कपास निगमच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, आठ ते बारापर्यंत कपात, बाराच्या वर खरेदी नाही. म्हणजे ७.९, ८, ८.१, १२ आणि १२.१ हे पाच आकडे, आणि सहावा रिकामा रकाना. 'आठ'वर कपात लागली की नाही, यावर काट्यावर भांडणं होतात. भाव मात्र फिक्स्चरमध्ये दहा ठिकाणी लिहू नकोस. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ ला ८,११० झाला. दर हंगामात तो बदलतो, म्हणून तो एकाच फाइलमध्ये राहू दे आणि बाकीच्यांनी तिथून उचलावा. वजन १२ क्विंटल ३५ किलो धर. आठ टक्के ओलाव्याला ८,११० नं १,००,१५८ रुपये ५० पैसे होतात. रक्कम मुद्दाम लाखाच्या वर नेली आहे. हजारांत असेपर्यंत स्वल्पविराम बरोबरच दिसतो. लाख ओलांडला की इंग्रजी पद्धतीनं १००,१५८ छापलं जातं का, ते कळतं.

खोटी माणसं बनवताना आधार आणि मोबाइल यांची काळजी घे. आधार क्रमांक बारा आकडी असतो, शून्य किंवा एकानं सुरू होत नाही, आणि शेवटचा आकडा वर्हूफ पद्धतीनं आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. मनानं ठोकलेला क्रमांक या तपासणीत बहुतेक वेळा पडतो. आणि हिशेब करून बरोबर बसवलेला क्रमांक कुणाचा तरी खरा असू शकतो. म्हणून मी काम दोन भागांत करते. शेवटच्या आकड्याचा हिशेब तपासायचा तर तो शून्यानं सुरू होणाऱ्या क्रमांकावर, नुसत्या त्या फंक्शनला देऊन तपासायचा. शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट केले की ते फंक्शन नाही म्हणालंच पाहिजे, वर्हूफची ताकद तीच आहे. पूर्ण नोंदणीच्या टेस्टमध्ये मात्र आधार पडताळणीचं उत्तर मॉक करायचं. मोबाइल नंबर सहाच्या खालच्या आकड्यानं सुरू होणारा घे. भारतातले मोबाइल नंबर सहा ते नऊनं सुरू होतात, त्यामुळे तो कुणाच्या खिशात वाजणार नाही. फॉर्म असा नंबर घेत नसेल तर टेस्टच्या सर्व्हरवर त्याला तेवढी सूट मागून घे.

अपलोडचं दुखणं त्यामानानं सोपं आहे. तुझा लॅपटॉप विंडोजचा असणार आणि कंपनीचा सर्व्हर लिनक्सचा. विंडोजला फाइलच्या नावातलं मोठं एस आणि छोटं एस सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. फोल्डरमध्ये नाव मोठ्या अक्षरानं आणि टेस्टमध्ये छोट्या अक्षरानं लिहिलं असेल तर तुझ्याकडे चालेल, तिकडे फाइल सापडणार नाही. दुसरं कारण म्हणजे सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता. तो तुझ्या घराबाहेर कुठेच नाही. फिक्स्चर फोल्डरपासूनचा पत्ता दे, सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत ठेव, मधे जागा सोडू नकोस. नव्वद टक्के त्रास इथेच संपावा. फाइल निवडायची ती विंडोजची खिडकी उघडण्याच्या भानगडीत पडू नकोस. ती ब्राउझरच्या बाहेरची असते, टेस्टच्या हाताला लागत नाही. सायप्रेसच्या ९.३ पासून सिलेक्ट-फाइल ही आज्ञा त्यातच आहे, ती फाइल थेट रकान्याला देते.

त्याच आज्ञेला डिस्कवरची फाइलच द्यावी लागते असंही नाही. नाव, प्रकार आणि मजकूर देऊन फाइल तिथल्या तिथे मेमरीत बनवता येते. मर्यादा पाच एमबीची असेल तर पाच एमबीची आणि त्याहून एक बाइट मोठी अशा दोन फाइल टेस्ट चालतानाच बनव, रेपोत जड फाइल साठवू नकोस. साध्या मजकुराच्या फाइलला पीडीएफचं नाव देऊन पाठवून बघ. खऱ्या पीडीएफची सुरुवात ठरलेल्या खुणेनं होते, आणि सर्व्हरनं नावावर न जाता ती खूण बघितली पाहिजे. आणि सातबाऱ्याचा व्हॉट्सअॅपवरून आलेला, आडवा झालेला, कोपऱ्यात अंगठा आलेला फोटो. तुमच्याकडे निम्मे कागद असेच येणार. असा फोटो स्वतः तयार कर: कोऱ्या कागदावर सातबाऱ्यासारखा तक्ता हातानं आख, बनावट नावं लिही, वर ठळक 'चाचणी नमुना' लिही आणि अंधाऱ्या खोलीत मोबाइलनं फोटो काढ. काकांचा कागद लागणार नाही.

पावतीच्या डाउनलोडबद्दल दोनच गोष्टी. फाइल आली एवढंच तपासू नकोस, ती उघडून आतलं नाव आणि रक्कम वाच. सायप्रेसची खिडकी उघडी ठेवून काम करतेस तेव्हा कालची फाइल फोल्डरमध्ये तशीच राहू शकते, आणि आज डाउनलोड बिघडलेलं असूनही टेस्ट कालच्या फाइलवर पास होते. म्हणून आधी जुनी काढ, मग बटण दाब. दुसरी गोष्ट, केंद्रावरचा बाबू यादी सीएसव्हीमध्ये घेऊन एक्सेलमध्ये उघडणार असेल तर फाइलच्या सुरुवातीला मजकूर युटीएफ-८ पद्धतीनं साठवलाय असं सांगणारी तीन बाइटची खूण आहे का, ते तपास. ती नसली तर एक्सेलमध्ये मराठी नावांची अगम्य चिन्हं होऊ शकतात.

सायप्रेस सोडून प्लेराइटला जावं का, असं तू पत्रात विचारलं आहेस. आत्ता नाही. तुझी एकही अडचण साधनाची नाही.

आता काकांकडे जा. लॅपटॉप नेऊ नकोस. त्यांना सांग की तुमचा कागद मी कामाच्या ठिकाणी ठेवला होता, तसं तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि आता तो काढायला सांगितलं आहे. ज्या सात-आठ घरांतून कागद आणले तिथेही हेच सांग, आणि काढून झाल्याचं कळलं की पुन्हा एकदा जाऊन तेही सांग. मग काकांनाच विचार, मागच्या हंगामात केंद्रावर त्यांचा कापूस कशावरून अडला होता. नाव जुळलं नाही, की ओलावा निघाला, की पासबुकाचा फोटो दिसला नाही. ते जे सांगतील ते वहीत लिहून घे. वेचणी सुरू व्हायच्या आत तुझी पहिली नवी फिक्स्चर फाइल त्यावरून तयार व्हायला हवी, आणि त्यातल्या कास्तकाराचं नाव काहीही ठेव, काकांचं सोडून.